हेल्मर सांडग्रेनची सरदारी शेगडी

डोळस माणसाला कुणी फसवू शकत नाही, असं हेल्मर सांडग्रेनचं ठाम मत होतं. असा डोळस माणूस स्वीडनमधल्या अर्बोगा गावात एकच आहे, हेही त्याचंच मत. भूमापन खात्यात तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे आपल्या नजरेतून एक बोटाचाही फरक सुटत नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या त्या जानेवारीत तेलाचे भाव भडकले. रेडिओवरून सरकार जपून वापरा, जपून वापरा म्हणू लागलं आणि तळघरातल्या बॉयलरच्या जिवावर निवांत बसलेल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हेल्मरच्या घराचीही तीच गत झाली. घर तसं सासूबाईंचं. तेक्लाबाई ब्याऐंशीच्या, अंगात कोट, कोटावर शाल, आणि तरी पाठ गार. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांची पाठ उबेत ठेवा, नाहीतर खोकला छातीत उतरेल. हेल्मरच्या बायकोनं, सिग्नेनं, त्याला एकदाच सांगितलं, की महिनाभरात आईची खोली गरम झाली नाही तर आईला घेऊन मी व्हेस्टेरोसला भावाकडे जाते. तिनं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून हेल्मर जास्त घाबरला.

आता दुखरी गोष्ट अशी, की त्याच खोलीत पूर्वी शेगडी होती. जमिनीपासून छतापर्यंत उंच, चिनी मातीच्या टाइल्सची. सकाळी दोन मोळ्या जाळल्या की रात्रीपर्यंत ऊब देणारी. तेक्लाबाई तिला पाठ टेकून पन्नास वर्षं विणत बसल्या होत्या. बासष्ट साली हेल्मरनं घरात रेडिएटर आणले आणि शेगडी उतरवली. हे धूड लाकूड खातं आणि जागा अडवतं, फुकट नेणारा मिळाला तरी नशीब, असं तो म्हणाला होता. गाडीवाल्याला चाळीस क्रोनर त्यानंच मोजले. सासूबाईंनी तेव्हा गाडीवाल्याला अंगणात कॉफी दिली आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या बंद दाराची आठवण हेल्मरला अधूनमधून यायची. चुकलं म्हणायला मात्र त्याची जीभ कधी वळली नाही, आणि बारा वर्षं न वळलेली जीभ पुढे वळत नाही.

मग काही माणसं करतात तेच त्यानं केलं. तोंडानं म्हणायचं ते पैशानं म्हणायला निघाला. ज्यांनी शेगड्या फोडून खड्ड्यात भरल्या होत्या, तेच आता जुन्या शेगड्यांसाठी रांगा लावत होते आणि व्यापारी मागतील ती किंमत घेत होते. हेल्मरनं दोन महिन्यांचा पगार मोजून एक शेगडी घेतली. गवतात बांधलेल्या टाइल्सची नऊ खोकी, आणि सोबत लाल मोहोर उठवलेला दाखला, की सदर शेगडी एका सरदाराच्या हवेलीतल्या दिवाणखान्यात शंभर वर्षं उभी होती.

कॉफीच्या वेळी त्यानं दाखला टेबलावर उलगडला. किटली तिच्या नेहमीच्या चौकोनी तुकड्यावर वाफाळत होती. ती थोडी बाजूला सरकवून त्यानं दाखल्याला जागा केली. ‘ही आपल्या त्या जुन्या डबड्यासारखी नव्हे,’ तो म्हणाला. ‘सरदाराकडची आहे. मला नजर आहे म्हणून मिळाली.’

सिग्नेनं खोक्यातून एक टाइल उचलली. पांढऱ्यावर निळी फुलं होती. तिनं आईकडे पाहिलं, आईनं किटलीकडे पाहिलं, आणि दोघींनी दालचिनीचा पाव पुढ्यात ओढून घेतला. दोघी भारावून गप्प झाल्या, असं हेल्मरनं धरलं आणि दाखला चौकटीत घालून भिंतीवर टांगला.

शेगडी बांधायला एव्हर्ट गवंडी आला. हे काम जाणणारा पंचक्रोशीत तो एकटाच उरला होता. त्यानं टाइल्स उलट्या करून पाहिल्या आणि खूश झाला. प्रत्येकीच्या पाठीवर जांभळ्या पेन्सिलीनं नंबर घातलेला होता. तो म्हणाला, ‘जो कोणी ही उतरवली तो माणूस अक्कलवान होता. तीन दिवसांत उभी करतो.’

शिस्त म्हणतात ती हीच, असं म्हणत हेल्मरनंही टाइल हातात घेतली. चव्वेचाळीस नंबरची होती. त्या दोन चारांकडे तो पाहत राहिला. उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा चार अख्ख्या भूमापन खात्यात एकच माणूस काढायचा, आणि त्यावरून त्याची चेष्टाही व्हायची. मग त्याला आठवलं, बासष्ट साली शेगडी उतरवताना आपण पेन्सिल घेऊन शेजारी उभे होतो. टाकून द्यायची वस्तूसुद्धा नंबर घातल्याशिवाय त्याच्यानं टाकवली नव्हती.

सरदार, हवेली, दिवाणखाना, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे धडाधड कोसळलं. चाळीस क्रोनर देऊन घालवलेली वस्तू त्यानं दोन महिन्यांच्या पगारात परत आणली होती, वर तिला घरात डबडं म्हणून ठेवलं होतं. हे बायकोला कळलं तर एक वेळ चालेल, पण सासूबाईंना? एव्हर्ट मातीची सोय करायला गेला, तशी हेल्मरनं बादली, सोडा आणि ब्रश घेतला. टाइल्सच्या पाठी फार मळल्या आहेत, असं सांगत त्यानं दुपारभर घासून एकूणएक नंबर उडवला. सिग्ने दारातून पाहत होती. लग्नानंतर एकवीस वर्षांत नवऱ्यानं पेला विसळलेला तिनं पाहिला नव्हता. जुने नंबर पुसायच्या आधी वेगळ्या वळणानं नवे घालता आले असते, हे हेल्मरला एकशेपंधरावी टाइल पुसल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी एव्हर्टनं त्या स्वच्छ पाठी एकेक करून पाहिल्या. मग त्यानं टोपी काढली. ‘हातानं केलेल्या टाइल्स आहेत, सांडग्रेन. एकीसारखी दुसरी नाही. आता लावून लावून बघायचं म्हणजे ईस्टर उजाडेल.’

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि सिग्नेनं कपाटावरची बॅग खाली काढून ठेवलेलीही हेल्मरला दिसली. आपली अब्रू वाचवण्यासाठी आपण या म्हातारीची ऊब धुऊन टाकली, हे त्याला तेव्हा नीट कळलं. त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली. सगळं सांगून टाकायचं ठरवून तो वळला, तर तेक्लाबाईच काठी टेकत बाहेर आल्या होत्या.

त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात पुढे केला. एव्हर्टनं एक टाइल दिली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. ‘खालून तिसरी ओळ, दाराच्या डावीकडे. दुसरी दे.’ दुसरीची कड जराशी उडालेली होती. ‘ही सिग्नेनं घसरगाडी आपटली ती. उजवा कोपरा.’

एव्हर्टनं हेल्मरकडे पाहिलं, हेल्मरनं जमिनीकडे. तीन दिवस हेच चाललं. तेक्लाबाई अंगठा फिरवून जागा सांगत होत्या, हेल्मर टाइल्स वाहत होता आणि शेगडी वर चढत होती. चौथ्या दिवशी खांद्याच्या उंचीवर एक खाच रिकामी राहिली. एक कमी आहे, तिथे साधी पांढरी बसवा, असं व्यापाऱ्यानं म्हटलंच होतं.

‘आधी कॉफी घेऊ,’ तेक्लाबाई म्हणाल्या.

टेबलाशी बसल्यावर त्यांनी किटली उचलून सिग्नेच्या हातात दिली. खालचा चौकोनी तुकडा ॲप्रनला पुसला आणि हेल्मरसमोर उलटा ठेवला. जांभळ्या पेन्सिलीत एकशेचार. चार उलट्या खुर्चीसारखा.

‘गाडीवाल्याकडून मागून घेतली होती,’ त्या म्हणाल्या. ‘बारा वर्षं रोज तुझ्या नाकासमोर आहे. म्हटलं, नजरेचा माणूस आहे, कधीतरी बघेल.’

‘आई,’ हेल्मर म्हणाला, आणि त्याची जीभ एकदाची वळली. ‘चुकलं माझं. तेव्हाही आणि परवाही.’

तेक्लाबाईंनी मान हलवली. एव्हर्ट इतका वेळ पावात तोंड खुपसून बसला होता. आता त्यानं शेगडीला किती पडले, असं हळूच विचारलं. हेल्मरनं खरा आकडा सांगितला. एव्हर्टनं शीळ घातली. एवढ्या पैशांत अख्ख्या घराच्या खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या असत्या, असं तो म्हणाला.

‘बसल्या असत्या,’ तेक्लाबाई म्हणाल्या. ‘पण काचेला पाठ टेकून विणता येत नाही. आणि काचेनं याला माफी मागायला लावली नसती. तेवढ्यापुरती महाग नाही पडली.’

एकशेचार नंबर खाचेत बसला. माती वाळेपर्यंत पंधरा दिवस नुसत्या काटक्या जाळायच्या, असं एव्हर्टनं बजावलं, आणि हेल्मरनं एक काटकीही जास्त घातली नाही. सोळाव्या दिवशी पहिली खरी मोळी पेटली. तेक्लाबाईंनी कोट काढला, पाठ टेकली आणि विणकाम हातात घेतलं. बॅग कधीच परत कपाटावर गेली होती.

सिग्ने उकळती किटली घेऊन आली आणि टेबलापाशी येऊन थांबली. किटलीखालचा तुकडा आता शेगडीत बसला होता. हेल्मर उठला, भिंतीवर टांगलेली चौकट त्यानं काढली, आतला लाल मोहोरेचा दाखला बाहेर घेतला, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

‘ठेव,’ तो म्हणाला. ‘सरदाराकडचा आहे.’