विषय क्रमांक दोन : नवी गायिका

"लिहून ठेवा! ती पोरगी स्टेजवर पाय ठेवत न्हाई! ठेवला, तर नावाचा साईराज न्हाई मी!"

माधवनगरच्या चहाच्या टपरीवर साईराजनं ही गर्जना केली तेव्हा तिथं चारच माणसं होती, आणि त्यातला एक टपरीवाला. तरी त्याचा थाट असा, की सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे कान टवकारून बसलेत! पदच तसं होतं म्हणा त्याचं. 'अग्निगरुड चाहता मंडळ, सांगली-सातारा' याचा तो संस्थापक-अध्यक्ष. संस्थापक तोच, अध्यक्ष तोच, आणि छातीवर बिल्ला लावून फिरणाराही तोच एकटा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अग्निगरुड हा आपल्या सांगलीच्या पोरांचा बँड. वाजवतात पॉवर मेटल. म्हणजे काय? तर गिटार अशी पळते की जणू मागं कुत्रं लागलंय, ड्रमवाला दोन्ही पायांनी दणादण ढोल बडवतो, आणि गायक आवाज इतका वर नेतो की ऐकणाराच टाचा उचलतो. गाण्यात तलवारी, ज्वालामुखी, आणि निदान एक तरी ड्रॅगन लागतोच. आपल्याकडं ड्रॅगन कुठला? मग यांनी तो उसाच्या फडातून बाहेर काढला. लोकांना आवडलं!

तर या बँडचा गायक जयराज. कमरेपर्यंत केस, अंगात काळं जाकीट, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये. हा जयराज एका सकाळी बँड सोडून गेला. आणि त्याच्या जागी आली नौशीन. मिरजेच्या चांदसाहेब तंबोरेवाल्यांची मुलगी!

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाहाकार उडाला. चारशे बारा सभासद, आणि चारशे बारांनाही संगीतातलं सगळं कळतं!

"पॉवर मेटल आणि पोरगी? काय चेष्टा हाय व्हय!"

"जयराजदादाचे केस कमरेपर्यंत होते! त्याची सर कुणाला यायची न्हाई!"

"तिचे गुडघ्यापर्यंत हायेत," कुणीतरी लिहिलं. त्याला लगेच ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

"तंबोऱ्याच्या घरातली हाय. आता ड्रॅगन आला की आधी आलाप घेणार, मग तलवार काढणार!"

तिचं गाणं ऐकलंय का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. जयराज का गेला, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. दुःखात माणसाला एवढी सवड कुठली असते?

शिव्याशापांचे मेसेज वाचून वाचून ड्रमवाला वीरधवल वैतागला. बँड त्याचाच. त्यानं साईराजला फोन लावला.

"हे बघ, माझी आई बी तुमचे मेसेज वाचती आता. एकदा काय तो सोक्षमोक्ष लावा. सभा घ्या. निदान शंभर चाहते समोर बसवा. ते म्हणाले नौशीन नको, तर मी तिला नारळ देतो. पण व्हय म्हणाले, तर पुन्हा एक शब्द काढायचा न्हाई!"

"शंभर? पाचशे आणतो!" साईराज म्हणाला.

सभा म्हटली की आपल्याकडं एकच नमुना, साखर कारखान्याची वार्षिक सभा! साईराजचे सख्खे चुलते आप्पासो कारखान्यात नोकरीला होते आणि तीस वर्षं वार्षिक सभेत विषय वाचून दाखवण्याचं काम त्यांच्याकडं होतं. ते एका दमात विषय वाचत, आणि पुढं बसलेले शेतकरी सभासद एका दमात ओरडत, "मंजूर! मंजूर!" मग जेवण. तीस वर्षांत त्यांचा एकही विषय पडला नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

"आप्पा, सभा तुमीच चालवायची. समदं नियमानं झालं पायजे. उद्या कुणी बोट दाखवाय नको," साईराज म्हणाला.

"तू निवांत बस रं. माझ्या सभेत गडबड झाली असं कवा ऐकलंस?"

रविवारी अकराला माधवनगरच्या मंगल कार्यालयात सभा भरली. भरली म्हणजे दोनशे खुर्च्या भरून मांडल्या होत्या. बसायला आले अकरा जण! "मेढ्यावरनं चालत येईन पण येईन" असं लिहिणाऱ्याची म्हैस नेमकी त्याच दिवशी व्यायला झाली होती. साताऱ्याच्या निष्ठावंतांच्या गाडीत जागा नव्हती, आणि सांगलीच्या निष्ठावंतांना ऊन लागत होतं. पाठिंब्याचे अंगठे मात्र फोनवर धडाधड येत होते.

साईराजला घाम फुटला. "आप्पा, शंभर माणसं न्हाई जमली तर सभाच रद्द! ती पोरगी फुकटात गायिका हुईल!"

"माणसं पायजेत व्हय? आधी सांगायचंस की गड्या!" म्हणत आप्पासोंनी गावाकडं फोन लावला. तासाभरात चार टेंपो भरून माणसं उतरली. सगळी उसाची शेती असलेली, टोपीवाली, कारखान्याच्या सभांत मुरलेली. दारातच पावत्या फाडून त्यांना मंडळाचं सभासद करून घेण्यात आलं. "काय करायचं असतंय हितं?" असं सगळ्यात म्हाताऱ्या नानासोंनी विचारलं. "जोरात वरडायचं," साईराज घाईत म्हणाला. "नेहमीसारखंच की," आप्पासोंनी खुलासा केला. जेवणात मसालेभात आणि जिलेबी आहे, हेही सांगून टाकलं.

व्यासपीठावर वीरधवल बसला होता. शेजारी नौशीन आणि चांदसाहेब. मधोमध खुर्चीवर जयराजचा भला मोठा फोटो, आणि त्याला साईराजनं झेंडूचा घसघशीत हार घातलेला! दैवत ते त्याचं. देवाला हार घालतातच की, असा त्याचा साधा हिशेब.

आप्पासो उभे राहिले. त्यांनी फोटो बघितला, हार बघितला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं घसा खाकरून म्हणाले, "सभेच्या सुरुवातीला श्रद्धांजली. समद्यांनी दोन मिनिटं उभं ऱ्हावं."

दीडशे माणसं खाडकन उभी राहिली. टोप्या उतरल्या. साईराज दारातनं हातवारे करायला लागला, पण शांततेत ओरडणार कसा? तेवढ्यात बारीक केस कापलेला, पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आत शिरायला लागला.

"पावती?" साईराज दबक्या आवाजात गुरगुरला.

"आरं, मी..."

"पावतीबिगर न्हाई! चला, मागं उभं ऱ्हावा गुमान!"

तो माणूस बिचारा मागं नानासोंच्या शेजारी हात जोडून उभा राहिला. दोन मिनिटं झाली. लोक बसले.

"कोण गेलं रं? लय तरणा दिसतोय," नानासो डोळे पुसत कुजबुजले.

त्या माणसानं मान उंच करून फोटोकडं बघितलं. "आवं आजोबा," तो म्हणाला, "त्यो मीच हाय!"

कार्यालयात एकच गोंधळ! साईराज धावला, आणि आपल्या दैवताला आपणच दारात अडवलं हे कळल्यावर पाया पडायला वाकला. जयराजनं त्याला उठवलं. पण त्याचा आवाज! गिरणीत दाणे संपल्यावर जातं घरघरतं ना, तसा.

"घसा गेला माझा," जयराज म्हणाला. "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, आता वरडलास तर बोलणं बी जाईल. गोठ्यातल्या गाईला हाक मारता येत न्हाई मला. म्हणून सोडला बँड. आणि नौशीनचं नाव मीच सुचवलं. तिला ऐका तरी एकदा."

खरं तर प्रश्न इथंच मिटायला हवा होता. पण साईराजचं मंडळ तत्त्वाचं!

"दादा, तुमी बसा," तो म्हणाला. "तुमाला यातलं काय कळत न्हाई. आमी तुमच्यासाठीच लढतोय!"

नौशीन उभी राहिली. "साईराजभाऊ, चार ओळी गाऊन दाखवू का? सहा महिने तयारी केलीय मी. ऐका, आणि मग नको म्हणा."

"विषयपत्रिकेत न्हाई!" साईराज गरजला. चांदसाहेबांनी मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आप्पासोंनी कागद उचलला. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त."

मागची सभा झालीच नव्हती. "मंजूर! मंजूर!"

साईराज खूश झाला. काय आवाज, काय एकी!

"विषय क्रमांक दोन. नवी गायिका म्हणून नौशीन चांदसाहेब यांची नेमणूक."

साईराज छाती फुगवून उभा राहिला, आणि दीडशे कंठांतून छत हादरवणारा आवाज आला, "मंजूर! मंजूर!"

"आवं न्हाई! न्हाई! नामंजूर!" साईराज खुर्चीवर चढून ओरडला.

"एका सभासदाचा विरोध नोंदवून बहुमतानं मंजूर," आप्पासोंनी शांतपणे लिहिलं.

"आप्पा! माणसं आपली हायेत नव्हं?"

"आपलीच हायेत. म्हणून तर मंजूर म्हणाली."

साईराजच्या डोक्यात तिडीक गेली. "असं असंल तर मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो!"

आप्पासोंनी नवा कागद घेतला. "ऐनवेळचा विषय. अध्यक्षांचा राजीनामा."

"मंजूर! मंजूर!" जिलेबीचा वास यायला लागला होता, त्यामुळं आवाज आणखी चढला.

दुसरा कुणी असता तर गप बसला असता. साईराजनं मात्र नियमांचं पुस्तक काढलं. तीन आठवड्यांनी फेरविचाराची सभा घेता येते! वीरधवलनं कपाळाला हात लावला, पण शब्दाला जागून हो म्हणाला. नौशीनचं काम पुन्हा टांगणीला लागलं.

या वेळी साईराज गाफील राहणार नव्हता. तो रोज गावात जाऊन पिंपळाच्या पारावर शिकवणी घ्यायला लागला.

"काय म्हणायचं?"

"मंजूर!"

"न्हाई! ना-मंजूर!"

जिभेला तीस वर्षांचं वळण, ते काय एका दिवसात जातंय? "पण का म्हणून नामंजूर?" नानासोंनी विचारलं. "कारण इचारायचं न्हाई! आप्पांनी इषय वाचला, की वरडायचं!" साईराजनं शिट्टी आणली, गट पाडले, चढाओढ लावली. दुसऱ्या आठवड्यात माणसं अशी तयार झाली, की गावातल्याच प्रियदर्शनीच्या सुपारीत, म्हणजे लग्न पक्कं करायच्या बैठकीत, पाहुण्यांनी "मग लग्न ठरलं म्हणायचं न्हवं?" असं विचारताच मांडवातून एकमुखानं "नामंजूर!" आलं. पाहुणे चपला घालून निघालेच होते. त्यांना परत आणता आणता प्रियदर्शनीच्या बापाचा घसा जयराजसारखा झाला. साईराजला मात्र आनंदानं रात्रभर झोप आली नाही. तयारी पक्की झाली होती!

फेरविचाराच्या सभेला तेच कार्यालय, तेच टेंपो, तोच मसालेभात. या वेळी फोटोला हार नव्हता. जयराज पहिल्या रांगेत, पावतीसकट. नौशीन अंग चोरून बसलेली. साईराजनं लोकांकडं बघून डोळा मारला. लोकांनी माना डोलावल्या.

"वाचा आप्पा! गायिकेचा इषय घ्या!"

"थांब रं. नियम हाय," आप्पासो म्हणाले. "फेरविचार अध्यक्षानंच मांडायचा असतोय. तू सध्या माजी. म्हणून आधी तुझा राजीनामा रद्द करून तुला पुन्हा अध्यक्ष करून घेऊ. मग मांड तुझं काय ते."

"बरं बरं, उरका पटकन!"

"विषय क्रमांक एक. साईराज यांना पुन्हा अध्यक्ष करणे."

साईराजच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण फार उशिरा! तो दोन्ही हात हलवत ओरडला, "आवं थांबा! हा न्हाई! म्होरला!" लोकांना वाटलं, गुरुजी खूण करतायत. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"नामंजूर!!!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. एक गळा मागं नाही, एक पुढं नाही!

"विषय फेटाळला," आप्पासोंनी लिहिलं. "अध्यक्षच न्हाई, तवा फेरविचार बी न्हाई. सभा संपली."

नौशीन उठली. "सभा संपली ना भाऊ? मग आता विषयपत्रिका नाही," असं म्हणून तिनं गायला सुरुवात केली. ना गिटार, ना ड्रम. आवाज खालून उठला, वर गेला, आणखी वर गेला, आणि आता तुटणार असं वाटलं तिथून पुन्हा वर गेला! जयराज रडत होता. चांदसाहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. साईराजच्या हातावर सरसरून काटा आला, आणि तो लपवायला त्यानं भर उन्हाळ्यात बाह्या खाली ओढल्या.

"मंजूर!" नानासोंच्या तोंडून निघून गेलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर आप्पासो इतिवृत्त लिहीत बसले होते. साईराज कोपऱ्यात जिलेबीचं ताट घेऊन नुसताच बसलेला.

"साईराज, एक सांग," आप्पासो चष्मा वर सरकवून म्हणाले. "तीस वर्षं सभा घेतल्या रं मी. पण असं एका दमात, एका सुरात 'नामंजूर' जन्मात ऐकलं न्हाई! शिकवलं कुणी ह्यास्नी? लय भारी माणूस असणार गड्या! त्याच्या अभिनंदनाचा ठराव घालू का हितं?"

साईराजनं ताटावरून मान वर केली नाही.

"नामंजूर," तो म्हणाला.