करारमोडे श्रावणभाऊ

डोंगा तयार झाला की श्रावणभाऊ करार मोडतात. आधी नाही, मध्ये नाही. शेवटचं डांबर वाळलं की मोडतात.

मी पवनीच्या तहसिलीसमोर बसून लोकांचे दस्त लिहितो. आमच्या जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा सरकारनेही केली नसेल इतकी लिखापढी श्रावणभाऊ एका डोंग्यासाठी करवतात. नदीकाठी एकटे राहून डोंगे, म्हणजे लहान लाकडी नावा, बांधणारे हे सुतार, पण कलमं सांगू लागले की वकिलाला घाम फोडतील. त्यातलं एक कलम ठरलेलं: गिऱ्हाइकाने दर बुधवारी जातीने येऊन काम पाहावे व खोट काढावी. खोट काढली नाही तर रागावतात. "खोट नाई दिसली मंजे तू पाह्यलंच नाई," म्हणतात आणि चहा ठेवतात.

मग काम पुरं झालं की, "हा करार मले मंजूर नाई." पुन्हा पंधरा दिवस येरझाऱ्या, तंटा, चहा. मग एकदाचा डोंगा सुटतो. माणूस विक्षिप्त आहे, असं म्हणून मी नवा कागद काढायचो.

यंदा डोंगा आसगावच्या देवकाबाईंचा होता. धरणाचं पाणी चढल्यापासून त्यांचं शेत पलीकडे पडलं. धान कापणीला आलेलं. डोंगा नाही तर पीक जागेवरच झडणार. बाई नारळ, हळदकुंकू घेऊन आल्या. साक्षीला मी. श्रावणभाऊंनी डोंग्यावरून हात फिरवला, कुऱ्हाड उचलली आणि तळाच्या दोन फळ्या फोडल्या.

माझ्या हातातला कागद गळून पडला.

"करार खलास," ते म्हणाले. "सांधे बराबर नोते."

आदल्याच दिवशी त्यांनी अंगणात तोच डोंगा काठोकाठ पाण्याने भरून तपासला होता. थेंब गळला नव्हता. मी संतापून पोलिसांचं नाव घेतलं. देवकाबाई घराच्या दाराशी टेकायला गेल्या आणि तिथेच थबकल्या.

दाराआड दोन नव्या फळ्या उभ्या होत्या. मापात कापलेल्या, डांबर लावून वाळवलेल्या. मी एक उचलून फुटक्या जागी धरली, तर तंतोतंत बसली. कुऱ्हाडीपेक्षा मोठा धक्का मला त्या फळीने दिला.

"हे कायले, भाऊ?" बाईंनी विचारलं.

श्रावणभाऊ कुऱ्हाडीच्या दांड्याकडे पाहत राहिले. "डोंगा गेला का मंग कोणी येत नाई इकडं," ते म्हणाले. "म्हनलं, अजून आठ दिवस येशीन."

मला लाज वाटली. इतकी वर्षं त्यांचा चहा प्यायलो, तोही करारापुरता.

देवकाबाईंनी पदर खोचला. "फळ्या आत्ता बसवा. माहा धान झडून राहिला तिकडं." मग माझ्याकडे वळल्या. "लिहा जी. दर बुधवारी मी डोंग्यानं इकडं येईन. चहा पिईन, खोट काढीन."

मी लिहिलं. शब्दाशब्दावर हुज्जत घालणाऱ्या श्रावणभाऊंनी न वाचता सही केली. हातोडी शोधता शोधता त्यांनी विचारलं, "आन् नाई आली तं?"

"तं तुमी आसगावले या. तुमाले कोनं अडवलं?"

श्रावणभाऊ थांबले. सही केलेला कागद त्यांनी माझ्यापुढे परत सरकवला.

"हे बी लिवा," म्हणाले.