माझ्या रस्त्यावर तुला कोण अडवणार?

या राज्यमार्गाचा खडा न् खडा मला पाठ आहे! कुठे वळण, कुठे मोरी, कुठल्या खड्ड्यात किती पाणी साचतं, सगळं! रस्तेखात्यात मुकादम आहे मी, गंमत नाही! म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "पलीकडच्या गावच्या शाळेत अकराला मुलाखत आहे, आठलाच निघते," तेव्हा मी हसलोच.

"दहाला निघ गं. माझ्या रस्त्यावर तुला कोण अडवणार?"

कितीतरी वर्षं ती शिक्षिकेच्या नोकरीसाठी धडपडत होती. तरीही तिने माझं ऐकलं, हीच तिची चूक.

त्याचं काय होतं, आम्ही रस्त्याचा एक लांबलचक पट्टा अर्धा उकरला होता. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाणार. मधे टेकडी, त्यामुळे फोन लागत नाही. म्हणून माझी युक्ती! इकडच्या गाड्या सोडल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती लाल निशाण द्यायचं. ते पलीकडच्या आमच्या माणसाला मिळालं, की रस्ता मोकळा समजून त्याने तिकडच्या गाड्या सोडायच्या. "निशाणाशिवाय साक्षात मी आलो तरी सोडायचं नाही!" असा त्याला दमच भरला होता.

दहाला बायको रिक्षातून आली. कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर फाइल.

"पाचच मिनिटं," मी म्हणालो. "तिकडच्या गाड्या आल्या की तुझा पहिला नंबर!"

पाचाची वीस झाली. तिकडून चिटपाखरू येईना! रांग बाजारापर्यंत गेली. बसवाला भोंग्यावर हात ठेवूनच बसला, दूधवाला माझा उद्धार करू लागला, ट्रकमधल्या कोंबड्यासुद्धा बिथरल्या.

"अहो मुकादम, सोडा ना!"

"आणि समोरून गाड्या आल्या तर? डोक्यावर घेऊ?"

मी नुसत्या येरझारा घालत होतो. शेवटी बायको खाली उतरली. "निशाण कोणाकडे दिलंत?"

"शेवटी स्कूटर होती. तुझे बाबा! भाजी घेऊन चालले होते."

"बाबा? अहो, त्यांचं घर मधेच आहे, टेकडीखाली! ते पलीकडे कशाला जातील?"

खडा न् खडा पाठ असलेला मी, नेमकी सासुरवाडी विसरलो होतो!

"मी चालत निघाले," ती म्हणाली. तेवढ्यात मागच्या गाडीतून चष्मेवाल्या एक बाई तणतणत उतरल्या. "थांबा, मीही येते. मुख्याध्यापिका आहे मी, अकराला मुलाखती घ्यायच्यात! कुठाय तो मुकादम? भेटू दे एकदा!"

मी ट्रकच्या आड गेलो. नारिंगी जाकीट, टोपी रिक्षात कोंबली, रोलरवाल्याला माझ्या जागी उभं केलं आणि निमूटपणे बाईंची पिशवी उचलून दोघींच्या मागे निघालो.

मुलाखत चालता चालताच सुरू झाली. धुळीत ठेचकाळत बायको अशी फाडफाड उत्तरं देत होती, की मीच थक्क झालो. कौतुकाने ऊर भरून आला अगदी!

"आणि हे कोण?"

"माझे यजमान."

"काय करतात?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. "सध्या घरीच असतात."

मी मान डोलावली.

तोच टेकडीखालच्या अंगणातून सासूबाईंची हाक आली. "जावईबापू! निशाण धुऊन वाळत घातलंय हो! केवढं मळवलंत!"

"कसलं निशाण?" बाई थबकल्या.

"आईला सवयच आहे, दिसेल ते धुवायची," म्हणत बायकोने चालण्याचा वेग वाढवला. माझं निशाण दोरीवर फडफडत होतं, दोन्हीकडून भोंगे बोंबलत होते, आणि मी त्याच्यासमोरून पिशवी घेऊन चालत गेलो!

बाईंना शाळेच्या फाटकात पोचवलं आणि जो पळत सुटलो! ओलं निशाण घेऊन रस्ता मोकळा करेपर्यंत दुपार टळली. दोन गावांच्या शिव्या एकाच वेळी खाणारा मी पहिलाच मुकादम असेन. पण बायकोला नोकरी लागली! तिचा चेहरा पाहून शिव्यांचं काही वाटेनासं झालं.

परवा माझ्या सुटीच्या दिवशी तिचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या मायेने आत बोलावलं.

"अजून घरीच का हो? आमच्या फाटकावर माणूस हवाय. गाड्या थांबवायच्या आणि सोडायच्या, एवढंच काम." मग बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "जमेल ना यांना?"

बायकोने बराच विचार केला.

"सांगता येत नाही हो, बाई!"