धुकेगडची म्हातारी

बायकोनं आरडाओरडा केला असता तर सरदारनं तो नेहमीसारखा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिला असता. पण त्या दिवशी ती अगदी शांतपणे बोलली, आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली.

"मागची खोली संध्याकाळपर्यंत रिकामी झालेली हवी," चपला घालता घालता ती म्हणाली. "बाबांना आज दवाखान्यातून सोडताहेत. पलंग लावून ठेव, धुतलेली चादर कपाटात आहे. खोली झालेली नसली, तर मी बाबांना घेऊन तशीच दादाकडे जाईन. आणि मग मीही तिकडेच राहीन."

"अगं, होऊन जाईल," सरदार म्हणाला.

"हे तू दिवाळं निघालेल्या माणसाच्या आवाजात म्हणतोस ना, तेव्हाच मला कळतं, काही होणार नाही," ती म्हणाली आणि दार न आपटता निघून गेली. न आपटलेल्या दाराचा आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला.

सरदार हे काही त्याचं नाव नव्हतं. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता आणि दिवसभर काचेमागची चक्रं फिरताहेत की नाही ते बघायचा. पण घरी आल्यावर तो टीव्हीपुढे बसून राज्यं जिंकायचा, किल्ले सर करायचा, म्हणून बायकोनं त्याला ही पदवी बहाल केली होती. मागच्या खोलीत त्याच्या जुन्या मोहिमांचे अवशेष होते. व्हिडिओ गेमचे बंद पडलेले कन्सोल, वायरींची भेंडोळी, आणि कधीतरी लागतील म्हणून जपलेली रिकामी खोकी. या सगळ्यात सासऱ्यांचा पलंग मावणं शक्य नव्हतं. त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि कित्येक आठवडे त्यांना एक शब्दही बोलायची मनाई होती. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेला माणूस. कार्टूनमधली अस्वलं, राक्षस, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतले आजोबा, सगळ्यांना त्यांनी मराठीतून बोलतं केलं होतं. जावयाशी मात्र ते बेताचंच बोलत.

आता नेमका त्याच दिवशी 'धुकेगड' यावा, यात सरदारचा काय दोष? तीन वेळा तारीख पुढे ढकललेला, ज्याची झलक बघून बघून पाठ झाली होती, तो खेळ. त्यात तळी, जंगलं, पडके बुरूज तर होतेच, पण पहिल्यांदाच त्यातली माणसं चक्क मराठी बोलणार होती. सरदारनं रजा टाकली ती खोली आवरायला, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं, आणि सकाळपर्यंत त्याचाही त्यावर विश्वास होता.

त्यानं बेतही व्यवस्थित आखला. खेळ डाउनलोड होईल तोवर खोली आवरायची. एरवी दोन दोन दिवस घेणारं नेट त्या दिवशी असं काही धावलं, की त्यानं पहिलं खोकं उचलायच्या आत टीव्हीवर 'सुरू करा' अशी अक्षरं आली. सरदारनं खोकं खाली ठेवलं. फक्त तोंडओळख करून घ्यायची, त्यानं स्वतःला बजावलं.

तोंडओळखीची सुरुवात तोंडापासून झाली. आपल्या वीराचं नाक कसं असावं, हे ठरवण्यात बराच वेळ गेला. मग पडदे ओढून घेतले, कारण उजेडात धुकं नीट दिसत नाही. आणि खरंच, काय धुकं होतं! तळ्यावरून ते हळूहळू सरकत येत होतं, त्यातून एखादी फांदी, एखादा पडका दरवाजा वर येऊन पुन्हा बुडत होता. कुठेतरी साखळी ओढल्यासारखा आवाज येत होता. सरदारच्या अंगावर काटा आला आणि त्याला फार सुख वाटलं. इतकी वर्षं वाट पाहिल्याचं सार्थक झालं.

जंगलाच्या टोकाला एक झोपडी होती. वीर आत शिरला. चुलीपुढे पाठमोरी एक म्हातारी बसली होती. मान न वळवता ती पुटपुटली.

"आलास? पाय पुसलेस का?"

सरदारला हसू फुटलं. काय बारकावे घेतलेत, वा!

"ओला टॉवेल पलंगावर टाकून आलास ना?" म्हातारी पुटपुटली.

सरदार पुन्हा हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. तो उठला, आतल्या खोलीत डोकावला. पलंगावर ओला टॉवेल पडला होता. त्यानं तो हळूच उचलला, बाहेर वाळत घातला आणि परत येऊन बसला. योगायोग, दुसरं काय!

"ओट्याजवळच्या खिडकीची कडी," म्हातारी चुलीतली लाकडं सारत म्हणाली. "तुटलीये. किती वेळा सांगायचं?"

स्वयंपाकघरातून खट्ट असा आवाज आला. वाऱ्यानं खिडकी आपटली होती. ती नेहमीच आपटत असे, पण नेहमी सरदार तिकडे कान देत नसे. आता त्याच्या पाठीतून बर्फाचा खडा घसरत गेला. घरात कोणी नव्हतं. पडदे ओढलेले होते. आणि ती म्हातारी अजूनही त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

सरदारनं टीव्हीवरच्या बारीक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून नेटची वायरही उपटली. मग धीर करून म्हातारीपुढे उभा राहिला.

"मागच्या खोलीतलं ते धूड," ती म्हणाली, "कधी हलवणार?"

सरदारनं गोट्याला फोन लावला. गोट्या त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्यानंही त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून कामावर दांडी मारली होती.

"गोट्या, तू त्या झोपडीत गेलास का रे?"

पलीकडून कुजबुजल्यासारखा आवाज आला. "टॉवेल?"

"तुलाही?"

"अरे, टॉवेल काय, कडी काय! मला तर म्हणाली, मागच्या खोलीतलं धूड. माझ्या मागच्या खोलीत माझा चुलता झोपलाय रे!"

"मग तू काय केलंस?"

"कन्सोल गॅलरीत नेऊन ठेवलाय. वर बादली उपडी घातलीये. बादलीवर मी बसलोय."

दोघांच्या घरी तीच वाक्यं ऐकू आली, यावरून एखाद्या शहाण्या माणसाला काय ते समजलं असतं. पण सरदार आणि गोट्या यांनी मिळून असा निष्कर्ष काढला की म्हातारी एकाच वेळी दोन घरांत शिरली आहे. त्यानंतर सरदार जास्तच घाबरला. त्यानं हातोडी शोधली, खिळा शोधला आणि वर्षानुवर्षं लोंबणारी कडी ठोकून बसवली. मग दिवाणखान्यात येऊन, झालं बघ, अशा नजरेनं टीव्हीकडे पाहिलं.

म्हातारी आता उठून उभी राहिली होती. वळत होती. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसत्या सुरकुत्या होत्या.

"बोलतेय तोवर घर आहे रे," ती अगदी हळू म्हणाली. "एक दिवस ती बोलायची थांबेल. दारसुद्धा आपटणार नाही. नुसती जाईल."

सकाळचं ते न आपटलेलं दार सरदारला पुन्हा ऐकू आलं. ही बाई काय काय ऐकून बसली होती? पुढचा एक शब्दही ऐकायची त्याची छाती होईना. त्यानं डोळे मिटले आणि सापडेल ते बटण दाबलं. वीरानं तलवार उपसली आणि म्हातारीवर चालवली.

ती पडली. पडता पडता हसली. "येते हां," ती म्हणाली, आणि तिच्या अंगातून धुकं निघून सगळ्या पडद्यावर पसरलं. खाली अक्षरं उमटली: प्रगती जतन झाली.

सरदारनं टीव्ही बंद केला आणि तडक मागच्या खोलीत घुसला. पुढचे काही तास तो झपाटल्यासारखा वागला, आणि एका परीनं तो झपाटलेलाच होता. खोकी फाडली, कन्सोल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले. वायरींच्या भेंडोळ्याशी त्याचा हात घुटमळला, तेवढ्यात मागे काहीतरी करकरलं, आणि त्यानं भेंडोळंही दिलं. फरशी पुसली. पलंग ओढून लावला. चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दिव्याचा बल्ब बदलला. प्रत्येक वेळी पाठीमागे कोणीतरी उभं असल्याचा भास होई आणि तो आणखी जोरात पुसू लागे.

बेल वाजली तेव्हा तो केवढ्यानं तरी किंचाळला.

दारात बायको होती. तिच्या हाताला धरून सासरे उभे होते. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा ओढलेला, पण डोळे तेवढेच तरतरीत. बायको कोणाशी न बोलता सरळ मागच्या खोलीकडे गेली. निकाल काय लागणार हे ठरवूनच ती निघाली असावी, कारण दारात पोचल्यावर ती डोळे फाडून आधी पलंगाकडे, मग सरदारकडे बघू लागली.

"हे तू केलंस?"

"हो."

"एकट्यानं?" ती स्वयंपाकघरात जाऊन आली. "कडीसुद्धा? तुला ताप आहे का रे?"

सरदारचा बांध फुटला. "अगं, हे घर चांगलं नाही. तो खेळ चांगला नाही. त्यात एक म्हातारी आहे, तिला सगळं दिसतं! टॉवेल, कडी, खोली. तू बोलायची थांबशील म्हणाली. न बोलता निघून जाशील म्हणाली!"

सासरे एकदम हलू लागले. त्यांचे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडातून आवाज मात्र येत नव्हता. सरदार घाबरून पाणी आणायला धावला. बायको बापाकडे बघत राहिली आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू विरत गेली.

"बाबा! ती म्हातारी तुम्ही केलीत ना?"

सासऱ्यांनी मान डोलावली आणि छातीवर हात ठेवून नटासारखं किंचित वाकून दाखवलं.

"म्हणजे?" सरदार पाण्याचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला.

"अरे, मूळ खेळात ती म्हातारी नुसतीच पुटपुटत असते. अशा जागी लिहून दिलेले संवाद नसतात, ज्याचा आवाज आहे त्यानं आपल्या मनानं भरायचं. पहिल्यांदाच बाईचा आवाज काढायला मिळाला म्हणून केवढे खूश होते! खेळाचं नाव सांगायची बंदी होती, म्हणून कुठला खेळ ते मलाही ठाऊक नव्हतं." ती थांबली. "आणि तेव्हा मी रोज संध्याकाळी फोन करून त्यांच्याकडे तुझी गाऱ्हाणी सांगायचे."

"काल-परवाची गोष्ट का ही?"

"दीड वर्ष झालं त्याला."

म्हणजे कोणीही सरदारवर पाळत ठेवलेली नव्हती. दीड वर्षात घरातलं काहीच हललं नव्हतं, एवढंच. भुताची भीती बरी होती, असं त्याला वाटून गेलं.

"लाव ना तो खेळ," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "डॉक्टर म्हणतात, आवाज परत येईल, पण पहिल्यासारखा येईल की नाही ते सांगता येत नाही. मला ऐकायचाय."

सरदारनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "नाही ऐकता येणार."

"का?"

"ती गेली."

"कुठे गेली?"

"मारली मी तिला."

सासऱ्यांचे खांदे हलायचे थांबले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बघून सरदारला स्वतःचीच शरम वाटली. "मी सगळं पुसतो," तो घाईघाईनं म्हणाला. "पहिल्यापासून खेळतो. नाक कसंही असलं तरी चालेल."

त्यानं टीव्ही लावला आणि पुसण्याच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात सासऱ्यांनी त्याचा हात धरला, मान हलवून नको म्हटलं आणि बोटानं खुणावलं, पुढे चल.

खेळ सुरू झाला. धुकं विरलं. वीर आता एका छोट्याशा घरात होता. हे घर त्याला कधी मिळालं, ते सरदारला कळेना. कोपऱ्यात चूल होती आणि चुलीपुढे आरपार दिसणारी म्हातारी आरामात पाय पसरून बसली होती.

"आले बरं का," ती म्हणाली. "तूच मारलंस, मग आता दुसरीकडे जाऊ कुठे? चूल बरी आहे तुझी. पण कोपरे झाडलेले दिसत नाहीत."

बायकोला हसू आणि रडू एकदमच आलं. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसली आणि म्हातारीचा शब्द न् शब्द ऐकत राहिली. मागे उभे असलेले सासरे आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवत होते.

"बाबा," सरदारनं भीत भीत विचारलं, "मारलं की ही घरी राहायला येते, हे ठीक आहे. पण मग जाते कधी?"

सासऱ्यांनी बोट हलवून नाही म्हटलं.

"म्हणजे खेळ संपेपर्यंत इथेच?"

सासऱ्यांनी मोठ्या समाधानानं मान डोलावली. मग आपली पिशवी उचलली, मागच्या खोलीत गेले, आणि पलंग चाचपून बघत दिवा लावला.