कप्तान मेलाय की नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वसंतनानांची पिठाची गिरणी आहे. गिरणीत नाना एकटेच असतात, पण भांडण मात्र दोघांचं ऐकू येतं.

शाळेवर बदली होऊन मी तेरला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. नानांनी नुकतंच बटण बंद केलेलं. पट्टा सावकाश होत चालला होता, जातं आपल्याच नादात घरघरत होतं आणि नाना पाठमोरे उभे राहून कुणाला तरी दरडावत होते, "छापलंय, म्हंजी घडलंय. मेलाय त्यो." त्यावर एक बारीक, नाकातला आवाज म्हणाला, "मग देह दावा." मी आत डोकावले. दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यात नाना वळले. भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरंफटक, त्यात जिवंत काय ते दोन डोळे. अगदी घरगुती स्वरात विचारलं, "बाई, जाड दळू का बारीक?"

"बारीक," मी म्हणाले आणि डबा तिथंच टाकून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण काशीबाईंनी डबा आणून दिला आणि खुलासाही केला. बारीक आवाज उत्तमचा. उत्तम म्हणजे नानांचा धाकटा भाऊ, बसवर ड्रायव्हर होता, दोनेक वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. आणि नाना ज्याला मेलाय म्हणत होते तो कप्तान. काशीबाई दोघांनाही 'मेलाय' म्हणत होत्या, त्यामुळे नेमकं कोण कुठं मेलंय हे कळायला मला आठवडा लागला.

तर हा कप्तान माणूस नव्हे. 'ध्रुवनौका' नावाची अंतराळकथांची एक मालिका आहे, त्यातला. खिशात मावणारी, पातळ कागदाची पुस्तकं. हे दोघे भाऊ शाळेत होते तेव्हापासून निघतायत. उत्तम धाराशिवला बस न्यायचा तेव्हा स्टँडवरच्या दुकानातून नवं पुस्तक घेऊन यायचा. आधी तो वाचणार, मग नाना, मग दोघे मिळून वाद घालणार, असा रिवाज होता. मूळ लेखकाच्या शेवटच्या पुस्तकात नौकेचा कप्तान एका काळ्या दरवाजात एकटाच शिरतो, "मी येतो" एवढा निरोप येतो आणि पुस्तक संपतं. पुढचं लिहायच्या आत लेखकही वारला. प्रकाशकानं दुसरा लेखक बसवला. त्यानं कप्तान मेला असं धरून गोष्ट पुढं हाकली. पुढं टीव्हीवर आली, आता मोबाइलवर येते.

दोघा भावांचं फाटलं ते इथं. नानांचं म्हणणं सरळ होतं, छापलंय म्हंजी घडलंय. उत्तमला ते कबूल नव्हतं. "मूळ धन्यानं मारला न्हाय, तर भाड्याचा मानूस कोन मारनार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या लेखकाची पुस्तकं तो जमेस धरतच नसे. वाचायचा सगळी, धरायचा नाही. त्याच्या मते दरवाजाच्या आत वेळ चालत नाही, त्यामुळे कप्तान अजून उंबऱ्यातच उभा आहे, एक पाय आत टाकून.

हे वेड दोघांपुरतं राहतं तर गोष्ट वेगळी होती. उत्तमच्या बाजूनं बोलणाऱ्याचं दळण नाना शेवटी घेत. त्यामुळे ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं त्या बायकासुद्धा डबा ठेवता ठेवता "मेला बिचारा कप्तान" म्हणून मोकळ्या होत. एकदा नाना गिरणीत हुंदके देत वाचत बसलेले. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं तर म्हणाले, "कप्तान गेला." आजी तशाच माघारी गेल्या आणि चार बायका गोळा करून भेटायला आल्या. रीतीप्रमाणं चहा न घेता तासभर बसल्या, डोळ्याला पदर लावला, आणि निघताना विचारलं, "पावन्याला लेकरंबाळं किती?" नानांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "एक पोरगी हाय, मंगळावर."

उत्तम गेला. त्याची बायको मुलाकडे पुण्याला गेली. नानांनी लग्न केलेलं नव्हतं. मागं राहिली ती गिरणी आणि अर्धा वाद.

गिरणीत कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची आहे. तिथं भिंती, वायरी, कोळ्यांची जाळीसुद्धा पिठानं पांढरी झालेली, पण खुर्ची लख्ख. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग कळलं, ती उत्तमची बसायची जागा, नाना ती दर दळणामागे पुसतात. कारण कळल्यावर काटा जायला हवा होता, तो काही गेला नाही.

पण माणसाला कशाचीही सवय होते. मीही 'ध्रुवनौका' वाचायला लागले, आणि पट्टा थांबायच्या वेळेला दळण घेऊन जायला लागले. भांडण ऐकण्यासारखं असे. उत्तमचा आवाज धिम्या गतीनं, एकेक मुद्दा मोजून टाकी. नाना चिडत, उत्तम चिडत नसे. एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, तो आवाज तुम्हीच काढता ना?"

नाना चाळणी झटकत होते. म्हणाले, "सुरवातीला म्या काढायचो."

"आणि आता?"

"आता पट्टा थांबला की त्येचा त्यो सुरू होतोय. म्या नुसता गप ऱ्हातो."

 मी पिठाचा डबा उचलला आणि जरा भरभर चालत घरी आले.

यंदा मालिकेचं शेवटचं पुस्तक निघालं. त्यात सगळ्याचा निकाल लागणार अशी हवा होती. शाळेच्या कामाला धाराशिवला गेले होते, तिथून दोन प्रती आणल्या. येताना बसमध्ये माझी वाचून झाली. काळा दरवाजा उघडतो. आत कप्तानाचा पोशाख सापडतो आणि पोशाखात हाडं. संशयाला जागाच ठेवलेली नव्हती. नाना जिंकले होते, आणि खरं सांगते, मला त्यांच्यासाठी आनंद झाला. त्यांची प्रत गिरणीत देऊन आले. आता गल्लीला पेढे मिळणार असंच मी धरून चालले होते.

पेढे काही आले नाहीत. दळायला गेलेल्या बायका सांगू लागल्या की नाना गप असतात, पट्टा थांबल्यावरही गिरणीत आवाज नसतो. काशीबाईंनी "सुटला बिचारा उत्तम" म्हणून हात जोडले. मला का कोण जाणे, भांडण ऐकू यायचं तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. संध्याकाळी दळण नसताना मी गिरणीत गेले.

नाना पोत्यावर बसले होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

"बाई, त्यो बोलंना झालाय," ते म्हणाले. "म्या जिंकलो न्हवं का. आता त्यो काय बोलनार?"

"तुम्ही पूर्वीसारखा आवाज काढून पाहायचा."

"बघितला की. माज्या तोंडातनं माजाच आवाज येतोय." त्यांनी पिठाचे हात मांडीवर पुसले, ते आणखीच पांढरे झाले. "त्येला माती दिली तवा म्या रडलो न्हाय. वाद ऱ्हायलाय म्हनलं, जातोय कुठं. आता वादच संपला." मग जरा संकोचून म्हणाले, "तुमी शिकलेल्या हाव. तुमाला मुद्दा मांडता येतोय. जरा त्येच्याकडनं बोला की."

"काय बोलू?"

"म्हना, ह्ये पुस्तक आमी धरत न्हाय."

 मुलांना मी रोज सांगते, पुस्तकात आहे तेच लिहा. कप्तानाची हाडं कोणत्या पानावर आहेत, ते मला पाठ होतं. नानांनी उठून बटण दाबलं, जातं नुसतंच फिरवलं आणि बंद केलं. घरघर उतरायला लागली.

"हे पुस्तक आम्ही धरत नाही, नाना," मी म्हणाले. "मूळ लेखकाचं नाही ते. कप्तान मेलेला नाही. दारात उभा आहे."

नानांनी बटणावरचा हात काढला. मग त्यांचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "पर देह सापडलाय की."

"भाड्याच्या माणसाला सापडलाय. आपल्याला कुठं सापडलाय?"

नानांना रडू फुटलं, आणि त्याच दमात रागही आला. "लई हट्टी हायस तू, उत्तम," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यामागं बघत होते.

मी वळून पाहिलं नाही. त्याच्या बाजूनं पुढचा मुद्दा कोणता मांडता येईल, याचा विचार करू लागले.