मंगलच्या गाडीचा दोष

देवराव मिस्त्री हल्ली गाडीचं बॉनेट उघडत नाहीत. दुसरं कुणी उघडायला गेलं तर हातावर फटका मारतात. "पेशंटला आधी बोलू द्या की!"

वारंगा फाट्यावर चाळीस वर्षं या माणसानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून कार्बोरेटर जुळवले. डोळे मिटून ऐकायचे, स्क्रूला पाव आटा द्यायचे, की गाडी सुतासारखी सरळ. मग कार्बोरेटरच नसलेल्या, इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत पिळायला स्क्रूच नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरकडे. मिस्त्री दोन वर्षं चिडून बसले आणि एक दिवस नांदेडहून स्कॅनर घेऊन आले. काडेपेटीएवढी डबी. स्टीअरिंगखाली खोचली की इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवते. सगळं इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं. मी शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवतो, एवढाच माझा गुन्हा.

"सर, हे फ्युएल ट्रिम म्हंजे काय हो?"

मला काय कपाळ ठाऊक! शाळा सुटल्यावर महिनाभर आम्ही दोघं गॅरेजच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. शेवटी कळलं ते असं. कॉम्प्युटर धूर हुंगतो. पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं की वाढवून देतो आणि वाढवलं तेवढा आकडा अधिक दाखवतो. म्हणजे अधिक आलं की कमी पडतंय समजायचं! बावीस वर्षं पोरांना अधिक-उणे शिकवतोय, पण माझंच डोकं गरगरलं. मिस्त्रींना मात्र लख्ख उमगलं.

"सोपं हाय की. लेकराचं पोट भरंना, म्हून जास्त मागून राहिलं."

तेव्हापासून ते माणसांनाही हेच लावतात. परवा मी तिसरा चहा मागवला तर म्हणाले, "सर, तुमचं ट्रिम प्लसमधी जाऊन राहिलं. घरी काय कमी पडून राहिलं?"

प्रत्येक गाडीची त्यांनी शंभर पानी वही केली आहे. गाडी सुधारली की वही बंद. कळमनुरी-हिंगोलीच्या गाड्या येतात आणि दोन दिवसांत नीट होऊन जातात. फक्त एक वही वर्षभर मिटलेली नाही, त्यांच्या लेकीच्या गाडीची. मंगल पुण्याला नोकरी करते. मिस्त्रींची बायको वारल्यापासून इथं घरी ते एकटेच. त्यांनी मंगलला कुरिअरनं तसलीच एक डबी पाठवली. रोज सहाला ती ऑफिसातून निघताना फोन करते आणि आकडे वाचून दाखवते. फोटो चालत नाही.

"फोटूत समजत न्हाई, वाचून दाव. सकाळी किती वाजता चालू केली? इतक्या लवकर काहून? मग डबा कवा केला? बरं, पुढचा आकडा."

डब्याचा आणि इंजिनाचा काय संबंध, हे मला कधी कळलं नाही. अर्ध्या तासानं मिस्त्री मान हलवून म्हणायचे, "आकडा काहीतरी लपवून राहिला. उद्या पुन्हा कर." एवढा हुशार माणूस एका लहानशा गाडीपुढं हरावा? मला त्यांची कीव यायची. गाडी सुधारून मोकळं व्हावं त्यांनी, असं फार वाटायचं.

गेल्या सोमवारी मिस्त्री हायवेवर बंद पडलेला टेम्पो पाहायला गेले आणि मोबाइल बाकड्यावरच राहिला. सहाला फोन वाजला. मी उचलला. मंगलनं आकडे वाचले. अधिक दोन, उणे एक, म्हणजे शून्याच्या जवळच. एव्हाना मलाही थोडं कळत होतं, आणि अर्धवट ज्ञानाला धीर कुठला! "अगं मंगल, तुझी गाडी ठणठणीत आहे! काहीसुद्धा दोष नाही. सांगतो मी बाबांना."



"काका," ती हळूच म्हणाली, "नका सांगू. इथल्या मेकॅनिकनं दिवाळीतच सांगितलंय मला. आई होती तवर घरचं सगळं तीच बोलायची. ती गेल्यावर बाबा नुसतं 'जेवली का' इचारायचे. मी 'हो' म्हणायचे, की फोन बंद. आता अर्धा तास बोलतात. गाडी नीट झाली तर पुन्हा गप्प होतील ते."

मी चाटच पडलो. तेवढ्यात हात पुसत मिस्त्री आले. "काय म्हनली मंगल?"

आयुष्यात पहिल्यांदा मी विज्ञानाशी खोटं बोललो. "तो दुसरा आकडा... जरा वर सरकलाय म्हणे."

"व्हय का!" मिस्त्रींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मोबाइल घेऊन, मंगलला परत फोन लावत ते दाराशी जाऊन बसले. बाकड्यावर मंगलच्या गाडीची वही होती. नेमका दोष काय लिहिलाय ते बघावं म्हणून मी पहिलं पान उघडलं. वर्षापूर्वीच्या तारखेखाली मिस्त्रींच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाडी बराबर. दोष न्हाई.'

पुढच्या पानांवर आकडे होतेच, पण प्रत्येकापुढं काही ना काही होतं. 'आज उशिरा निघाली.' 'खोकला हाय.' 'आवाज बारीक. इचारलं न्हाई.' 'हसली.'

मी वही होती तशी ठेवून दिली.

दाराशी मिस्त्री मोबाइल कानाला घट्ट लावून, डोळे मिटून ऐकत होते. "पुन्हा वाच बरं," ते म्हणाले. "सावकाश वाच. मला काई घाई न्हाई."