'फेकू नका' मंडळी प्रत्यक्ष भेटतात

निवृत्त होईपर्यंत पानाकाकांनी एकतीस वर्षं छापखान्यातली यंत्रं चालती ठेवली होती, आणि आपल्या हातून आजवर एकही गोष्ट बिघडली नाही, असं ते शपथेवर सांगत. त्यामुळे चाळीस माणसांना एका दिवसापुरतं एका हॉलमध्ये जमवणं म्हणजे त्यांच्या मते डाव्या हातचा मळ.

"यंत्राच्या लहरी तरी सांभाळाव्या लागतात," ते बायकोला म्हणाले, "माणसांना काय, वेळापत्रक दिलं की झालं."

काकूंनी नुसता चहाचा कप पुढे सरकवला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली की कुठे गप्प बसायचं हे बाईमाणसाला बरोबर कळतं.

ही चाळीस माणसं म्हणजे 'फेकू नका' या ऑनलाइन गटाचे सभासद. नावात दोन अर्थ होते. बिघडलेली वस्तू फेकू नका, दुरुस्त करा, हा पहिला; आणि दुरुस्त केल्यावर त्याबद्दल फार फेकू नका, हा दुसरा. पहिला सगळे पाळत.

गट काकांनीच सुरू केला होता, सहा वर्षांपूर्वी. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातल्या प्रत्येक बिजागरीला तीन-तीनदा तेल घातलं. चौथ्यांदा तेलाची बुधली घेऊन निघाले तेव्हा काकूंनी ती हातातून काढून घेतली आणि फोन हातात दिला. त्या दिवसापासून माणूस सुधारला. सकाळी कुणीतरी बंद पडलेल्या इस्त्रीचा फोटो टाकायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत वीस जणांनी वीस उपाय सुचवायचे, असा तो संसार. खरं नाव कुणीच वापरत नसे. काका स्वतः 'जुना पाना' होते. पुढे गटातली मंडळी त्यांना पानाकाका म्हणू लागली, आणि हळूहळू शेजारीपाजारीही. कुणाच्या पंख्याचा आवाज कसा येतो आणि कुणाच्या पंपाचं वायसर कधी बदललं, हे काकांना तोंडपाठ होतं. चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नव्हता.

काकूंना ही मंडळी खरी वाटतच नसत. "रोज बोलता ते ठीक आहे," त्या म्हणत, "पण उद्या रस्त्यात समोरून आले तर ओळखाल का? मग कसली ओळख आणि कसले मित्र?"

हे काकांना लागायचं. म्हणून प्रत्यक्ष भेट ठरवायची, आणि काकूंना सोबत न्यायचंच, असा त्यांनी चंग बांधला.

तारीख ठरायला तीन महिने लागले. शनिवार की रविवार यावर चारशे संदेश आले. मधेच एकाने बुधवार सुचवला आणि गायब झाला. एकाने या सगळ्या धामधुमीत गळक्या नळाचा फोटो टाकला, आणि दोन दिवस तारीख बाजूलाच राहिली, नळाचा प्रश्न तेवढा सुटला. शेवटी काकांनी हुकूमशाही केली. महिन्याचा दुसरा रविवार, वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, सकाळी अकरा ते दुपारी चार. तीन पानी वेळापत्रक निघालं. त्यात अकरा ते अकरा वाजून चार मिनिटं स्वागत, आणि त्यानंतर बारा मिनिटं काकांचं भाषण. हे भाषण त्यांनी न्हाणीघरात इतक्यांदा म्हटलं होतं की ते काकूंनाही पाठ झालं होतं. त्यात शेवटी एक वाक्य होतं, 'तुम्ही मंडळी नसतात तर मी गंजून गेलो असतो', आणि तिथे आल्यावर काका दर वेळी नळ बंद करून ते सावकाश म्हणत.

वेळापत्रकाच्या तळाशी लाल अक्षरांत एक नियम होता. हत्यारं आणू नयेत. आपण गप्पा मारायला जमतोय.

रविवारी साडेदहालाच काका-काकू वाचनालयात पोचले. जिन्याशी व्यवस्थापक उभे होते. कंटाळून सुकलेला चेहरा, हातात जाडजूड किल्ल्यांचा जुडगा. आपण कोणती मंडळी, असं त्यांनी विचारलं. काकांनी छाती फुगवून सांगितलं, "आम्ही दुरुस्तीवाले."

व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर एकदम पालवी फुटली. "आलात एकदाचे," ते म्हणाले, आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काका भारावले. इतका मान त्यांना छापखान्यानेही कधी दिला नव्हता.

दाराशी काकांनी एक टोपली ठेवली होती. नियम लाल अक्षरांत असला तरी माणसं कशी असतात ते त्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तासात टोपलीत सतरा स्क्रू ड्रायव्हर, नऊ टेस्टर आणि चार पकडी जमल्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच, चुकून खिशात राहिलं. मग काका प्रत्येकाच्या छातीला नावाचा बिल्ला लावत आणि एकेक धक्का खात. गटात सगळ्यात वात्रट विनोद करणारा 'स्क्रू ढिला' म्हणजे एका शाळेच्या मुख्याध्यापिका निघाल्या. ताठ कणा, सोनेरी चष्मा, आणि अशी नजर की काकांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. दिवसाला दोनशे संदेश टाकणारा 'फ्यूज' प्रत्यक्षात दाताचा डॉक्टर होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. 'लोलक' या नावाने लिहिणारे घड्याळवाले आजोबा एक्याऐंशी वर्षांचे होते. ते सुनेचा हात धरून आले, पहिल्या रांगेत बसले आणि भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं मागे आहे हे त्यांनी बसता बसताच जाहीर केलं.

अकरा वाजून चार मिनिटांनी काका माइकपुढे उभे राहिले. "मित्रहो," ते म्हणाले, आणि माइक खरखरला.

बस्स. एवढंच झालं. दुसऱ्या कुठल्याही सभेत लोकांनी कानावर हात ठेवले असते. इथे चाळीस माणसं एकदम पुढे झुकली, जशी मांजरं खुडबुड ऐकून झुकतात. कुणी म्हणालं वायर, कुणी म्हणालं जोडणी सैल आहे. डॉक्टर तर एव्हाना उठलेच होते. खिशातून दात बघायचा इवलासा आरसा काढून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या जाळीतून आत पाहिलं, आणि सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलले, "आतून किडलाय."

काकांनी वेळापत्रक वर धरून दाखवलं. कुणी पाहिलं नाही. हत्यारं टोपलीत होती आणि टोपली काकांनी हॉलमधल्या कपाटात बंद केली होती, पण खऱ्या कारागिराचं हत्यारावाचून अडत नाही. नेलकटर निघालं, केसांच्या पिना निघाल्या, एकाने चमच्याच्या दांड्याने पेच फिरवायला घेतले. पाच मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायर उघडा झाला. ज्यांना त्याच्याजवळ जागा मिळाली नाही त्यांना मग छतावरचा पंखा टकटक करतो हे जाणवू लागलं. टेबलावर टेबल चढलं. घड्याळ आधीच आजोबांच्या मांडीवर आलं होतं.

साडेअकराला व्यवस्थापक दारात डोकावले. हॉलचे तीनपैकी दोन पंखे जमिनीवर, अ‍ॅम्प्लिफायरची आतडी बाहेर, भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा. काका माफी मागायला शब्द जुळवू लागले. पण व्यवस्थापकांनी सगळ्या हॉलभर नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि विचारलं, "खाली पाण्याचा कूलर पण आहे. तो आणू का वर?"

काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी चाळीस आवाज म्हणाले, आणा.

कूलर आला. मग खालच्या एका कपाटाचं न उघडणारं कुलूप कपाटासकट आलं. मग कार्यालयातला टाइपरायटर, डुगडुगणाऱ्या सहा खुर्च्या, आणि दर वेळी पान चावणारं झेरॉक्स मशिन. व्यवस्थापक प्रत्येक खेपेला जास्त तरुण दिसत होते. काकांनी हरून हॉलमधलं कपाट उघडलं आणि टोपलीतली हत्यारं वाटून टाकली. मग तेही बाही वर करून झेरॉक्सपाशी बसले, आणि खरं सांगायचं तर पुढचे तीन तास त्यांना भाषणाची आठवणही झाली नाही. शाईच्या वासाने ते तीस वर्षांनी लहान झाले होते.

सव्वातीनला व्यवस्थापकांनी जाता जाता सांगितलं की चारला हॉलमध्ये विमा एजंटांची सभा आहे, साठ माणसं.

सगळे भानावर आले. हॉलभर भागच भाग पसरले होते. कुठला पंख्याचा, कुठला कूलरचा, कुणाला सांगता येईना. घाईघाईत कुणीतरी कूलर चालतो का बघायला बटण दाबलं आणि सगळ्या मजल्याची वीज गेली. काकांच्या मनात आलं, झालं, सहा वर्षांची मैत्री आता पोलिस चौकीत संपणार.

तेवढ्यात मुख्याध्यापिका खुर्चीवर उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं," त्या म्हणाल्या, आणि चाळीस मोठी माणसं मटकन खाली बसली. मग त्यांनी विचारलं, काय कुठलं आहे हे कुणी पाहून ठेवलंय का?

कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला. "मी ठेवलंय."

काकूंना पसारा बघवत नाही. सकाळपासून त्या चहाचे कागदी पेले घेऊन या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत होत्या, धान्य निवडावं तसे स्क्रू निवडत होत्या, आणि प्रत्येक पेल्यावर पेनाने लिहीत होत्या. 'डावा पंखा, वरचे चार.' 'घड्याळ, आजोबांनी जपून ठेवा म्हटलेलं.' 'कूलर, डॉक्टर.' एका पेल्यावर नुसतं 'ह्यांचं' लिहिलेलं होतं. असे बावन्न पेले खिडकीच्या कट्ट्यावर रांगेने उभे होते. डॉक्टरांनी त्या रांगेकडे असं पाहिलं की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बत्तीसच्या बत्तीस निरोगी दात बघतायत.

त्यानंतरची चाळीस मिनिटं म्हणजे निव्वळ कवायत. मुख्याध्यापिका पुकारत, काकू पेला देत, माणसं भाग बसवत. एक जण मीटरपाशी जाऊन वीज घेऊन आला. पंखे वर चढले आणि मुकाट फिरू लागले. आजोबांनी घड्याळ स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगलं, आणि सून पाठीमागे हात पसरून उभी राहिली.

चारला दोन मिनिटं कमी असताना माइक उभा राहिला. सगळे काकांकडे वळले. जिन्यात एजंटांची पावलं वाजत होती. काका पुढे झाले, घसा साफ केला, आणि बारा मिनिटांच्या भाषणातला एक शब्द त्यांना आठवेना. समोर काकू ओठ हलवून पहिलं वाक्य सुचवत होत्या, तेही कळेना. शेवटी ते माइकमध्ये म्हणाले, "चालू झाला."

आवाज असा स्वच्छ घुमला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी डोळे पुसले. काकांना वाटलं, म्हणायचं होतं ते सगळं म्हणून झालं.

निघताना जिन्याशी व्यवस्थापक तक्रारवही घेऊन आले. सात वर्षांच्या तक्रारी होत्या, आणि प्रत्येकीपुढे 'पूर्ण' लिहून काकांनी सही करावी अशी त्यांची इच्छा होती. वाचनालयाच्या कार्यकारिणीला चार वर्षं विनवण्या केल्यावर त्यांनी तुम्हाला पाठवलं, पण माणसं पाठवली ती हिऱ्यासारखी, असं ते म्हणाले. आता कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. ते काही बोलणार, तोच व्यवस्थापक आवाज खाली आणून म्हणाले, "एका गोष्टीची कमाल वाटते बघा. आज हॉल कुठल्याशा स्नेहभेटीला दिला होता. एक माणूस फिरकला नाही. ऑनलाइनवाले लोक असेच, बेजबाबदार."

काकांनी मुकाट्याने सह्या केल्या.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या. "माणसं चांगली आहेत हो," त्या म्हणाल्या. काका फुलले. हे ऐकायला त्यांना सहा वर्षं आणि एक रविवार लागला होता.

"पुढच्या महिन्यात सगळ्यांना घरी बोलावलंय," काकू पुढे म्हणाल्या.

"चाळीसच्या चाळीस?"

"हो. आपला मिक्सर दोन वर्षं तुमच्या टेबलावर उघडा पडलाय ना, तो बघायचाय त्यांना. मुख्याध्यापिकाबाईंनी मला गटात घेतलं, म्हणाल्या आधी फोटो टाका. टाकला मी मघाशी, स्टॉपवर."

काकांनी घाईने फोन काढला. तेवीस उत्तरं येऊन पडली होती. सगळ्यात वर डॉक्टरांचं होतं. 'भाग सगळे ठीक आहेत. फक्त ज्यांनी हा उघडला, त्यांना पुन्हा हात लावू देऊ नका.'